वेशीवरचा चौकड्याचा झेंडा

पांढरं

पांढरवाडीला झेंडा हवा होता, आणि तो कुणाचाच नसलेला हवा होता.

अणदूर सोडून मावळतीकडं चालत राहिलं की निजामाची हद्द जिथं संपते, तिथं हे गाव. ओढ्याच्या अलीकडं हैदराबाद, पलीकडं हिंदुस्तान. वर्षापूर्वीपर्यंत ओढा म्हणजे नुसता ओढा होता. बाया धुणं धुवायच्या, म्हशी डुंबायच्या. मग हिंदुस्तान मोकळा झाला, निजाम म्हणाला आम्ही येत नाही, आणि त्या गुडघाभर पाण्याला एकदम दोन मालक झाले. पलीकडं कॅम्प बसला. अलीकडं नाका बसला. कॅम्पात निजामाविरुद्ध बंदुका घेतलेली तरणी पोरं होती, नाक्यावर निजामाची खाकीतली माणसं आणि त्यांचा एक जमादार. नाक्यावर नेलेला माणूस परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या गावानं वेशीवर निजामाचा पिवळा झेंडा रंगवून घेतला. कॅम्पवाल्यांनी त्या गावची चावडी जाळली. त्याच्या पुढच्या गावानं आंब्याला तिरंगा बांधला. नाकेवाल्यांनी आंब्याला हात लावला नाही, माणसं नेली.

आणि आता नाक्यावरून हुकूम आला होता की हद्दीवरच्या प्रत्येक गावाच्या वेशीवर, रस्त्यावरून दिसेल असं रंगवलेलं निशाण पाहिजे.

काळं

खंडोबाच्या देवळात भर दुपारी गाव बसलं.

"निशान पायजे म्हनत्यात," अण्णाराव पाटील म्हणाले. "कुनाचं ते हुकमात न्हाय."

"ते सांगाया लागतंय व्हय?" ज्ञानोबा म्हणाला. ज्ञानोबाची ओढ्याकाठी शेती, आणि जीभ गावभर. "पाटील, दोन झेंडे काढा. एक भिंतीच्या ह्या अंगाला, एक त्या अंगाला. येईल त्याला त्याचा दावू."

"आन दोघं एकदम आले तर?"

"मंग आपुन भिंतीत शिरू."

माणसं हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून जरा जास्तच हसली.

बाशाभाई मुलाणी खांबाला टेकून बसला होता. देवळातली बैठक असली तरी त्याची जागा ठरलेली, तो खांब त्याच्या बापाचाही होता. तो म्हणाला, "रंग नक्को, पाटील. रंग आया की पार्टी आई."

"मग नुस्ता पांढरा काढू."

"शरन आलो म्हनत्याल."

"काळा?"

"काळं निशान दावलं म्हनून घरं जाळत्याल."

"दोनी मिसळा मग."

"दोनी मिसळलं की राख व्हतीया," ज्ञानोबा म्हणाला, आणि या खेपेला कुणी हसलं नाही.

पाटील देवळाच्या फरशीकडं बघत बसले. फरशी काळ्या दगडाची, आणि मधूनमधून कुणा भक्तानं बसवलेले पांढरे तुकडे. त्यांनी महांतप्पाकडं मान वळवली.

"घरं घरं काढ. एक काळं, एक पांढरं. झेंडा हाय येवढं दिसावं. कुनाचा हाय ते दिसू नये. जमंल?"

महांतप्पाला आजवर न जमलेलं असं काही कुणी सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला, "न जमाया काय झालं?"

पांढरं

महांतप्पा म्हणजे गावाचा रंगारी. बैलगाडीच्या चाकांना रंग, दाराच्या चौकटीला वेलबुट्टी, पोळ्याला बैलांची शिंगं. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर खंडोबाचा पांढरा घोडा त्यानंच काढलेला. घोड्याचे चारही पाय एकाच बाजूला दिसायचे, पण डोळा असा की लहान लेकरं त्याच्यापुढून जाताना पळायची. चुन्याचा पांढरा, दिव्याच्या काजळीत बाभळीचा डिंक घोटून केलेला काळा, आणि शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला. सरळ रेघेसाठी गेरूत भिजवलेला दोरा. दोन टोकांना ताणायचा, मधे चिमटीत धरून सोडायचा. फट्. भिंतीवर तांबडी रेघ.

वेशीच्या कमानीशेजारी पांढऱ्या मातीची रुंद भिंत होती. महांतप्पानं उभे दोरे मारले, आडवे दोरे मारले, घरं भरली. दिवस कलायच्या आत काम संपलं.

गाव बघायला आलं.

"सोंगट्या आनू का?" ज्ञानोबा म्हणाला. "डाव मांडू."

खरंच तो सोंगट्यांचा पट दिसत होता. काठी काढली होती, टोकाला भाला काढला होता, तरी पटच. काठीला टांगलेला पट.

"हलत न्हाय," पाटील म्हणाले. त्यांना एवढंच कळत होतं, पण ते बरोबर कळत होतं. "आसा लाकडावानी झेंडा आस्तो व्हय? लांबून कुनाला काय वाटंल? म्हनतील, हुकमाची चेष्टा केली. फडकता काढ."

काळं

फडकता.

महांतप्पा घरी आला आणि ओट्यावर बसून मातीत काडीनं रेघा ओढू लागला. वाकडी रेघ ओढली की नागासारखी दिसायची. दोन ओढल्या की नदी. चार ओढल्या की नांगरट. झेंडा काही होईना. दोरा ताणला की रेघ सरळ यायची आणि ढिला सोडला की रेघेला पोट यायचं, पण एका रेघेच्या पोटानं वारा दिसत नाही.

परसात दोरीवर त्याच्या बायकोचं, सिद्धम्माचं, लुगडं वाळत होतं.

ज्येष्ठातला वारा. पावसाचा पत्ता नाही, नुसता वारा, ओढ्यापलीकडून येणारा, कोरडा. लुगडं दोरीवर उसळत होतं, पडत होतं, पुन्हा उसळत होतं. काळ्या-पांढऱ्या चौकड्याचं लुगडं. तिच्या माहेरचं, अळंदकडच्या मागावरचं. ती एक दिवसाआड नेसायची, कारण दुसरं एकच होतं, मातकट रंगाचं, विटलेलं.

महांतप्पा उठून उभा राहिला.

पांढरं

"जरा धर की हिकडं."

"अय्य शिवने! काय धरू?"

"लुगडं. दोरीवरनं काढ आन ह्ये टोक उंच धर. दुसरं सोडून दे वाऱ्यावर."

"वाळाया टाकलंय ते. आन मला भाकरी टाकायच्यात."

"थोडं धर गं."

सिद्धम्मानं पदर खोचला आणि दोन्ही हात वर करून टोक धरलं. लुगडं लांबच लांब पसरलं, परसावरून गोठ्याकडं. महांतप्पा जमिनीवर उकिडवा बसला आणि खालून बघू लागला.

"हलवू नको."

"मी कुठं हलवतीया? वारा हलवतोय. वाऱ्याला सांगा."

तो बघत राहिला. घरं वाकत नव्हती. वाकत होत्या त्या रेघा. कापड वर चढलं की घर लांबट व्हायचं, घडीकडं उतरू लागलं की चिमटायचं, घडीच्या आत पार बुडायचं आणि पलीकडून पुन्हा निघायचं, जसं काही झालंच नाही असं. घडीतलं पांढरं घरसुद्धा काळं दिसत होतं. इतकी वर्षं हे लुगडं तो बघत होता, म्हणजे तिला बघत होता, पण कापडात एवढं चाललेलं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

"साकु, बास आता," सिद्धम्मा म्हणाली. चिडली की, किंवा लाजली की, तिच्या तोंडी कानडी यायची. "हात भरून आले. मी काय तुमची काठी हाय?"

"काठीच हायेस. बोलनारी काठी."

"मंग काठीनं हानीन बघा."

ती हसत होती. तोही हसला. नंतरच्या दिवसांत महांतप्पानं हे हसणं आठवणं सोडून दिलं. जमलं तेवढं.

काळं

त्यानं पट पुसून भिंत नव्यानं सारवली. दोरा ढिला धरून एकेक रेघ टाकली, मग हातानं सुधारली. रोज घरी येऊन पुन्हा बघायचं, पुन्हा जाऊन भरायचं. बघे जमायचे, सल्ले द्यायचे.

"झेंडा कुनीकडं उडतोय रं?" एकानं विचारलं.

"उगवतीकडं."

"म्हंजी हैदराबादकडं झुकला."

"झुकला कुठं? वारा हिंदुस्तानातनं येतोय म्हनून उडतोय तिकडं."

"म्हंजी हिंदुस्तानाचा वारा सुटलाय आसं म्हनाया लागलास?"

महांतप्पा कुंचला थांबवून म्हणाला, "मी काय म्हनत न्हाय. वारा हाय तिकडनं हाय. उद्या फिरला तर सांगा, पुसून दुसरीकडं वळवतो." आणि तो पुन्हा वळला, कारण खालच्या कोपऱ्यात एक घडी राहिली होती आणि ती त्याला दिसत होती, हवेत, भिंतीच्या आत.

झेंडा झाला.

लांबून, रस्त्यावरून, चढ चढून येणाऱ्याला वाटायचं वेशीवर कापड हलतंय. जवळ आलं तरी वाटायचं. हात लावला की भिंत. गावातली माणसं उगाच येऊन हात लावून जायची.

पांढरं

एक दिवस कॅम्पातली चार पोरं ओढा ओलांडून आली. दिवसाढवळ्या. गाव दारं लोटून आत बसलं. ज्ञानोबा तेवढा वेशीत सापडला.

"हा कुणाचा झेंडा?"

"खंडोबाचा."

"खंडोबाचा झेंडा पिवळा असतो."

"हिथला खंडोबा जरा येगळा हाय," ज्ञानोबा म्हणाला. "दिसभर सोंगट्या खेळतो."

पोरांनी झेंड्याला हात लावून बघितला, एकमेकांना हसली, पाणी पिऊन गेली. चावडी शाबूत राहिली. माणसं शाबूत राहिली. पाटलांनी महांतप्पाच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "रंगाऱ्यानं गाव राखलं."

महांतप्पाच्या आयुष्यात असं वाक्य पूर्वी आलं नव्हतं. ते त्यानं घरी आणलं, जेवताना बाजूला ठेवलं, निजताना उशाला घेतलं.

काळं

बायांच्या डोळ्यांतून मात्र काही सुटत नाही.

"आगं, येशीवरचा झेंडा म्हंजी सिद्धाक्काचं लुगडं!" धुरपताबाई विहिरीवर सिद्धम्माचा पदर धरून म्हणाली. म्हातारीला चार हातांवरचं माणूस ओळखू यायचं नाही, पण कापड ओळखायची. "ह्ये बघ, तीन बारीक घरं आन एक जाड. तीन बारीक, एक जाड. काठाला बी हेच."

"नवऱ्यानं बायकूला वेशीवर टांगली की गं!"

"पाटलीनबाई, पाया पडा. निशान पान्याला आलं."

सिद्धम्मा घागर आपटून घरी आली.

"तुमी माजं लुगडं जसंच्या तसं काढलंव?"

"मग? दुसरं कुनाचं बघू?"

"आवो, बघायचं वारं. चौकडा कशाला तोच काढलाव? सगळ्या गावाला म्हाईत झालं. आता मी नेसून भायेर पडली की झेंडा चाललाय म्हनत्यात."

महांतप्पाला हे सुचलंच नव्हतं. त्याच्यापुढं लुगडं होतं आणि त्यानं लुगडं काढलं. घोडा काढताना घोडा बघायचा. असंच त्याला येत होतं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनीही निरोप धाडला की सिद्धम्मानं ते लुगडं नेसून हिंडू नये, दिसायला बरं दिसत नाही.

"पाटलांना सांगा," सिद्धम्मा निरोप्याला म्हणाली, "पाटलीनबाईचं एक जुनं धाडून द्या. न्हायतर मी दिसाआड घरात बसते, पानी पाटलांनी भरावं."

लुगडं आलं नाही. निरोपही पुन्हा आला नाही.

पांढरं

"मंग एवढं तरी करा," ती म्हणाली. "एखादं घर तांबडं करा. गेरू लावा. काठ बदला. कायतरी करा की ते माजं न्हाय आसं व्हईल."

"रंग नको म्हनलंय गावानं."

"मंग जाड घरं बारीक करा."

महांतप्पाला ते जाड घर दिसत होतं, वरच्या घडीच्या तोंडाशी, अर्धं उजेडात, अर्धं बुडालेलं. सगळा झेंडा त्या एका घरावर हलत होता. ते बारीक केलं की पुन्हा पट.

"उद्या बघतो," तो म्हणाला.

उद्या गाडीच्या चाकाचं काम निघालं. परवा चुना संपला होता. चुना आला तेव्हा तो वेशीत गेला, कुंचला भिजवला, भिंतीसमोर उभा राहिला, आणि तसाच परत आला.

"केलंव?"

"चांगलं झालंय गं ते."

सिद्धम्मानं त्याच्याकडं बघितलं आणि भाकरी थापू लागली. या विषयावर ती पुन्हा बोलली नाही.

काळं

नाक्यावरची माणसं आली ती जेवणवेळ टळल्यावर. घोड्यावर जमादार, मागं पायी सात-आठ जण. जमादार शिकलेला, अंगानं बारीक, बोलणं मऊ. वेशीत घोडा थांबवून त्यानं झेंड्याकडं बराच वेळ बघितलं.

"अच्छा बनाया है," तो म्हणाला. "किसका है?"

पाटील पुढं झाले. "सरकार, हुकूम झाला निशान पायजे. म्हनून..."

"मैंने पूछा किसका है."

पाटलांनी ज्ञानोबाकडं बघितलं. खंडोबाचा म्हणून सांगणारा ज्ञानोबा पायातल्या वहाणा बघत होता. आणि त्याच वेळी ओढ्याच्या वाटेनं डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन सिद्धम्मा आली. आज चौकड्याचा दिवस होता. वाऱ्यानं पदर उडत होता, आणि तिच्या पाठीमागं, ओढ्यापलीकडं, कॅम्पाचे तंबू दिसत होते.

जमादारानं भिंतीकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं. पुन्हा भिंतीकडं.

"अच्छा," तो म्हणाला.

पांढरं

त्याचं म्हणणं सरळ होतं. हे कॅम्पवाल्यांचं गुपित चिन्ह. वेशीवर काढलंय ते त्यांच्यासाठी, की गाव तुमचं आहे. आणि ही बाई तेच चिन्ह अंगावर घेऊन हद्दीवर जाते-येते. धुणं हे निमित्त. हिला नाक्यावर नेतो.

काळं

"सायेब!" महांतप्पा घोड्याच्या पायाशी गेला. "म्या काढलंय. ही माजी बायकू. तिच्या लुगड्यावरनं बघून काढलंय. दुसरं काय न्हाय."

"लुगडे पर से झंडा?"

"व्हय सायेब."

"औरत का लुगडा, गाँव के दरवाज़े पर?"

हे कुणीच खरं मानणार नाही, हे महांतप्पाला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"सच है जी, जमादारसाब," बाशाभाई मुलाणी मधे आला. "वो लुगडाच है. बचपन से देखा मैं इसको. जो देखता, वोच बनाता. अक्कल नै इसको." जमादारानं हातातली छडी उलटी करून बाशाभाईच्या तोंडावर मारली. ओठ फुटला. बाशाभाई तोंड धरून खाली बसला.

पांढरं

मग जमादारानं कसोटी सांगितली. मऊ आवाजात.

लुगडं बघून काढलं असेल, तर न बघता येणार नाही. चावडीच्या भिंतीवर काढ. बाई इथंच राहील, वेशीच्या आड. येत नसेल तर नक्कल आहे, मी मानीन. आलं, तर तुझ्या हातात हे चिन्ह बसलेलं आहे, आणि कुणीतरी बसवलेलं आहे. मग बाई नाक्यावर.

काळं

चावडीच्या भिंतीपुढं महांतप्पा उभा राहिला.

हातात कोळसा दिला होता. डोळे मिटायचीही गरज नव्हती. सगळं उभं होतं. वरची घडी, खालची घडी, तीन बारीक, एक जाड. हाताला नुसतं सोडायचं होतं, बैल गोठ्याकडं सोडतात तसं.

ते करायचं नव्हतं.

पांढरं

"दोरा द्या," तो म्हणाला.

काळं

दोरा ताणला. फट्.

पांढरं

फट्.

काळं

ताणून, ताणून, बोटं कापेपर्यंत ताणून. एकही रेघ वाकू द्यायची नाही. वरच्या अंगाला हात आपोआप ढिला पडला तेव्हा त्यानं दोरा दातात धरला. उभ्या रेघा. आडव्या रेघा. कोळशानं घरं भरली, एक सोडून एक, सगळी सारखी. घाम डोळ्यांत जात होता. गाव मागं उभं. शेवटचं घर भरलं आणि तो बाजूला झाला.

लाकडासारखा पट. आजवर इतकं वाईट त्यानं काही काढलं नव्हतं, आणि इतका जीव लावूनही काही काढलं नव्हतं.

पांढरं

जमादार जवळ येऊन बघून गेला. हसला.

"नहीं आता," तो म्हणाला. "छोड़ो बाई को."

पाटलांनी डोळे मिटले. महांतप्पा तिथंच चावडीच्या पायरीवर बसला. सुटलो, असं त्याच्या मनात आलं. सिद्धम्मा सुटली.

जमादार घोड्याजवळ पोचला. रिकिबीत पाय घालता घालता थांबला.

"मगर झंडा तो झंडा है," तो म्हणाला. "सरकार का नहीं है, तो उतरना चाहिए."

त्यानं छडीनं वेशीची भिंत दाखवली. दोघंजण कुदळी घेऊन गेले. पांढरी माती ढासळू लागली.

मग त्यानं छडी हलवली आणि सिद्धम्माकडं दाखवली.

"वो भी."

काळं

गावातल्या माणसांनी तोंडं भिंतीकडं फिरवली. या गोष्टीनंही फिरवावं.

काळं

धुरपताबाईनं घरातून घोंगडी आणली. म्हातारी कुणाला घाबरली नाही, की तिला दिसलंच नाही कोण उभं आहे ते, कुणास ठाऊक. ती खाकीतल्या माणसांमधून सरळ चालत गेली, सिद्धम्माच्या अंगावर घोंगडी टाकली आणि तिला कवेत घेऊन घरापर्यंत आणली. वाटेत सगळी दारं बंद होती. दारांमागं माणसं होती.

लुगडं जमादाराच्या माणसानं घडी करून घोड्याच्या खोगिरावर ठेवलं. पुरावा म्हणून.

काळं

सिद्धम्मानं पाणी मागितलं. महांतप्पानं आणून दिलं. तिनं तोंड धुतलं, हात धुतले, पाय धुतले, पुन्हा तोंड धुतलं. मग मातकट लुगडं नेसली आणि चुलीपाशी बसली. चूल पेटवली नाही.

तिथूनच तिनं विचारलं, "येत न्हवतं, का मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आलं आस्तं तर मला नाक्यावर नेलं आस्तं."

"व्हय."

"मारलं आस्तं."

"व्हय."

ती विचार करत राहिली. रागावलेली नव्हती. भाजीला मीठ किती घालायचं याचा करावा, तसा विचार करत होती.

"मंग तेच काढायचं व्हतं," ती म्हणाली.

महांतप्पानं तिच्यापुढचा तांब्या उचलला आणि पुन्हा होता तिथंच ठेवला.

"आन तुमाला वाटतंय त्येला कळलं न्हाय?" ती म्हणाली. "मला येशीच्या कडेनं दिसत व्हता त्यो. तुमी दोरा मागितलाव, तवाच हसला त्यो. दातात धरलाव, तवा बी हसला. त्येला आदीपास्नं सगळं ठावं व्हतं. त्येला बघायचं व्हतं नुस्तं."

काळं

पाटील दारापर्यंत आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. त्यांच्या हातात घडी केलेलं लुगडं होतं, पाटलीणबाईंचं, हिरवं, बारीक काठाचं, फारसं जुनं नसलेलं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि तिकडं न बघता बोलले.

"महांतप्पा, दिवस मावळायच्या आत भिंत लिपून पिवळं निशान काढायला सांगितलंय. उद्या बघाया येनार. न्हाय काढलं तर गाव ठेवनार न्हायत."

महांतप्पानं आत बघितलं.

"जावा," सिद्धम्मा आतून म्हणाली. "लेकराबाळांचं गाव हाय."

तो गेला. भिंत लिपायला गावातली माणसं लागली, आपणहून. बाशाभाईनं सुजलेल्या ओठांनी पिवडी कालवून दिली. ज्ञानोबा पाण्याच्या घागरी आणत होता. त्यानं एकदा महांतप्पाकडं बघितलं आणि घागर भरायला परत गेला. ओल्या मातीवर पिवळा रंग पसरत होता, ओघळत होता. महांतप्पाचा हात चालत होता. रेघ कुठं चुकत नव्हती, आणि त्याला त्या हाताची किळस आली.

तो घरी परतला तेव्हा उजेड अजून होता. ओट्यावरचं हिरवं लुगडं ठेवलं तिथंच होतं, तसंच घडीत. दार आतून लावलेलं.

"सिद्धम्मा."

आत जात्याची घरघर चालू होती. त्यानं कडी वाजवली. जातं थांबलं नाही. घरात दळायला काही नव्हतं हे त्याला माहीत होतं, ज्वारी कालच संपली होती. रिकाम्या जात्याचा आवाज वेगळा येतो, दगडावर दगड.

तो ओट्यावर, लुगड्याच्या बाजूला, लुगड्याला हात न लावता बसला. वारा पडला होता. आतला आवाज चालूच होता.